पगार बरा, बोनस वेळेवर, तरी पोरं का टिकत नाहीत? कुपवाडच्या एका कारखानदाराला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुपवाड एमआयडीसीत मशीन शॉप आहे, सत्तरएक माणसं, दोन पाळ्या. पगार शेजारच्या युनिटपेक्षा थोडा जास्तच, दिवाळीचा बोनस वेळेवर, पीएफ-ईएसआय (भविष्यनिधी आणि कामगार विमा) नियमित, गेल्या वर्षी ऑफिसला एसी बसवला. तरी आयटीआय झालेली पोरं सात-आठ महिन्यांत निघून जातात. राहतात ती सांगितलं तेवढंच करतात. रिजेक्शन (बिघडून बाद होणारा माल) आहे तिथंच आहे. शेवटी विचारलंय, "हल्लीच्या पोरांची वृत्तीच अशी, की आमचं कुठं चुकतंय?"

मी सत्तावीस वर्षं याच कामात आहे. सुरुवात साताऱ्याच्या एमआयडीसीत टाइम ऑफिसला झाली, मग फाउंड्रीत पर्सोनेल ऑफिसर, पुढं एका साखर कारखान्यात पाच सीझन, आणि गेली नऊ वर्षं मिरज, कुपवाड, पलूस भागातल्या लहान युनिट्सना माणसांच्या प्रश्नात मदत करतो. त्या अनुभवावरून सरळ सांगतो. चुकतंय ते बहुतेक तुमच्याच बाजूला आहे, आणि हे ऐकून बरं वाटायला हवं. कारण पोरांचा स्वभाव तुम्हाला बदलता येणार नाही, पण ज्या छपराखाली ती आठ तास उभी राहतात ते छप्पर तुमचं आहे.

वृत्ती माणूस डब्याबरोबर घरून घेऊन येतो असं आपण धरून चालतो. मला तसं दिसलेलं नाही. एका शॉपमध्ये "आळशी आहे, उलटं बोलतो" असा शेरा मारून एका मुलाला कायम केलं नव्हतं. दोन वर्षांनी तोच मुलगा मला मिरज एमआयडीसीत दुसऱ्या शॉपमध्ये दिसला. दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी धातू कापायची मशीनं) एकटा सांभाळत होता आणि मध्येच थांबून नव्या ट्रेनीला टूल ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापाची दुरुस्ती मशीनला कशी द्यायची, ते दाखवत होता. मुलगा तोच, हात तेच, येणं-जाणंही त्याच तासगाव रस्त्यानं. बदललं होतं ते फक्त कामाचं ठिकाण.

सोडून जाणाऱ्यांच्या अर्जांवर विसंबू नका. प्रत्येक अर्जावर "घरगुती कारणास्तव" असंच लिहिलेलं असतं, कारण पुढच्या नोकरीसाठी त्याला तुमच्याकडून दाखला हवा असतो. खरं कारण महिन्या-दोन महिन्यांनी गेटबाहेरच्या टपरीवर कळतं. आणि बहुतेक वेळा ते कारण म्हणजे एका माणसाचं नाव असतं: त्याच्या पाळीच्या सुपरवायझरचं.

त्या सुपरवायझरकडं येतोच. आधी पगाराचं बोलून घेऊ, कारण तुमचा सगळा भर तिथं आहे.

फ्रेडरिक हर्झबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५९ मध्ये पिट्सबर्ग भागातल्या सुमारे २०० इंजिनीयर आणि अकाउंटंट लोकांच्या मुलाखतींवरून एक मांडणी केली. कामात कधी फार छान वाटलं आणि कधी फार वाईट वाटलं, एवढंच त्यानं विचारलं. वाईट वाटल्याच्या गोष्टींत कंपनीची धोरणं, वरचा साहेब, पगार, कामाची जागा हे पुन्हा पुन्हा आलं. छान वाटल्याच्या गोष्टींत मात्र काहीतरी जमवून दाखवलं, कुणी दखल घेतली, जबाबदारी मिळाली, काम स्वतःच आवडलं, हे आलं. म्हणून तो म्हणाला की नाराजी आणि समाधान ही एकाच काट्याची दोन टोकं नाहीत. पगार कमी असला तर माणूस नाराज होतो. पगार पुरेसा झाला की नाराजी जाते, पण तेवढ्यानं जीव ओतून काम करायची ओढ लागत नाही.

या मांडणीवर टीका झाली आणि ती रास्त आहे. चांगलं झालं की माणूस श्रेय स्वतःकडं घेतो आणि वाईट झालं की बोट परिस्थितीकडं दाखवतो, त्यामुळं अशा मुलाखतींतून थोडं असंच चित्र निघणार. शिवाय पिट्सबर्गचा इंजिनीयर आणि कवठेमहांकाळहून मोटरसायकलवर येणारा हेल्पर यांच्या घरच्या गरजा एक नाहीत. ज्याच्या घरी शाळेची फी थकलीय त्याला पगार ही दुय्यम गोष्ट आहे असं मी कधीच सांगणार नाही. पण तुमच्या बाबतीत ही मांडणी लागू पडते, कारण पगाराची पायरी तुम्ही चढला आहात आणि पुढची पायरी चढायचं राहिलंय.

एसीबद्दल एकच सांगतो. माणूस आपल्याला किती मिळतं एवढंच बघत नाही, शेजारच्याला किती मिळतं तेही बघतो. स्टेसी ॲडम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात हे नीट मांडलं. एप्रिलमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो. तेव्हा पत्र्याखाली कूलंटच्या वासात उभा असलेला माणूस काचेपलीकडची थंडी रोज बघतो. एसी काढू नका. पण त्याच्या खर्चातला थोडा भाग छपरावरच्या टर्बो व्हेंटिलेटरला, पत्र्याला बाहेरून पांढरा रंग मारायला आणि दुपारच्या ताकाला गेला असता, तर तुम्हाला त्याचं मोल कामात दिसलं असतं.

जागेचं महत्त्व किती, हे मला एका पाण्याच्या बाटलीनं शिकवलं.

शिरवळकडच्या एका युनिटमध्ये वायरिंग हार्नेसच्या (वायरींचे जुडगे बांधायच्या) टेबलांवर तीसएक बायका काम करायच्या. दुपारनंतर त्यांचं काम मंदावायचं, चुकीच्या पिना बसायच्या, डोकं दुखतंय म्हणून महिन्यातून दोन-तीन जणी लवकर घरी जायच्या. मॅनेजरचं म्हणणं होतं की बायकांना बसून बोलायची सवय लागलीय. मी तीन दिवस त्या हॉलमध्ये बसलो. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की प्रत्येकीच्या पिशवीत पाण्याची बाटली आहे आणि संध्याकाळी ती जवळपास भरलेलीच घरी जाते. एका वयस्कर बाईंना विचारलं, "काकी, पाणी पीत नाही का तुम्ही?" त्यांनी आधी इकडंतिकडं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "पाणी पिलं की जायला लागतंय साहेब. आणि तिथं जायची सोय न्हाई." बायकांचं स्वच्छतागृह पुरुषांच्या स्वच्छतागृहाला लागून होतं, दाराची कडी तुटलेली, आणि जायचं तर लाइन लीडरकडून टोकन घ्यायचं. लीडर पंचविशीतला मुलगा. त्या बायका सकाळी सातला घर सोडल्यापासून चारपर्यंत पाणी टाळत होत्या. त्यातल्या काहींना लघवीच्या जंतुसंसर्गाचा त्रास होता, हे नंतर ईएसआयच्या कागदांवरून कळलं.

कडी बसवली, दार दुसऱ्या बाजूला काढलं, टोकन बंद केलं. खर्च फार झाला नाही. दुपारनंतरच्या चुका कमी झाल्या, पण त्याहून मला मोठं वाटलं ते हे की ज्या बायका आजवर माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या, त्यांनी पुढच्या आठवड्यात आपणहून सांगितलं की चौथ्या टेबलाचं क्रिम्पिंग टूल (वायरीवर पिन दाबून बसवायचं हत्यार) सैल झालंय. ते टूल दोन महिने सैल होतं.

कायद्यानं या गोष्टी फार पूर्वी लिहून ठेवल्यात. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये पिण्याच्या पाण्याची जागा मुतारीपासून सहा मीटरच्या आत नको, अडीचशेहून जास्त कामगार असतील तर उन्हाळ्यात पाणी थंड हवं, उभ्यानं काम करणाऱ्याला बसायची सोय हवी, इतक्या बारकाईनं तरतुदी होत्या. हे लिहिणाऱ्यांना माणसाचं शरीर कळत होतं. आपण मात्र इन्स्पेक्टर येणार म्हटल्यावरच तिकडं बघतो. तुमच्या शॉपमध्ये वॉटर कूलर कुठं आहे, आणि त्याच्या शेजारी काय आहे, हे आज संध्याकाळी जाऊन बघा.

आवाज आणि उजेडाबद्दल थोडक्यात. आठ तासांसाठी आवाजाची मर्यादा ९० डेसिबल धरली जाते. जिथं शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागतं तिथं तुम्ही त्या मर्यादेच्या जवळ आहात असं समजा आणि मोजून घ्या. इन्स्पेक्शनचं टेबल कंप्रेसरजवळ असेल तर आधी ते हलवा. गेजवर (मापाच्या यंत्रावर) नजर ठेवणाऱ्या माणसाच्या कानात दिवसभर घरघर असली तर चारनंतर त्याचे डोळेही चुकतात.

उजेडावरून एक जुना प्रयोग आठवतो. तो नेहमी अर्धवट सांगितला जातो, म्हणून नीट सांगतो. शिकागोजवळ हॉथॉर्न इथं टेलिफोनची उपकरणं बनवणारा वेस्टर्न इलेक्ट्रिकचा कारखाना होता. १९२४ पासून तिथं उजेड कमी-जास्त करून उत्पादनावर काय परिणाम होतो ते पाहिलं. उजेड वाढवला तरी उत्पादन वाढलं, कमी केला तरी वाढलं. १९२७ पासून रिले (टेलिफोनमधले विजेवर चालणारे स्विच) जोडणाऱ्या काही मुलींना वेगळ्या खोलीत बसवून विश्रांतीच्या सुट्ट्या, कामाचे तास बदलून पाहिले. सुट्ट्या काढून घेतल्या तरी उत्पादन पूर्वीच्या पातळीवर उतरलं नाही. पुढं संशोधक एल्टन मेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्थ लावला की आपल्याकडं कुणी लक्ष देतंय, आपल्याला विचारतंय, याचाच हा परिणाम.

व्याख्यानांत गोष्ट इथं संपते. पण त्या खोलीत पैसे देण्याची पद्धतही बदलली होती, आणि फार बोलतात म्हणून दोघींना मध्येच बदललंही होतं. त्यामुळं "नुसतं लक्ष द्या, उत्पादन वाढेल" असा अर्थ कुणी काढला तर तो कच्चा आहे. तुमच्यासाठी त्याच कारखान्यातला शेवटचा भाग जास्त कामाचा आहे. १९३१-३२ मध्ये त्यांनी चौदा पुरुष कामगारांची एक खोली नुसती पाहिली. जास्त काम काढलं तर जास्त पैसे मिळतील अशी योजना असूनही त्या चौदा जणांनी आपसात रोजचा एक आकडा ठरवून घेतला होता. त्याच्या वर कुणी गेलं तर बाकीचे त्याच्या दंडावर गुद्दा मारायचे. कमी काढणाऱ्यालाही बोल लावायचे आणि साहेबाला जाऊन सांगणाऱ्यालाही.

आता तुमच्या शॉपवर या. साताऱ्यात एका जुन्या ऑपरेटरनं मला विश्वासात घेऊन सांगितलं होतं, "साहेब, तीस काढतोय. अडतीस निघत्यात, मला ठावं हाय. पण एक दिवस अडतीस काढले की दुसऱ्या दिवसापास्नं अडतीसच धरणार. आणि मग म्हणणार, हेल्पर कशाला पायजे?" त्याच्याआधी त्या शॉपमध्ये नेमकं तसंच दोनदा घडलं होतं. त्या माणसाला आळशी म्हणणं अन्याय आहे. त्यानं मालकाच्या वागण्याचा बरोबर हिशोब मांडला होता आणि स्वतःसकट हेल्परची रोजी वाचवत होता. "सांगितलं तेवढंच करतात" असं तुम्ही लिहिलंय. सांगितल्यापेक्षा जास्त करणाऱ्याचं तुमच्याकडं आजवर काय झालं, हे आठवून बघा. एकदा वाढवलेलं टार्गेट वर्षभर पुन्हा हलवणार नाही, आणि कुणी नवी पद्धत काढून वेळ वाचवला तर माणूस कमी करणार नाही, हे सगळ्यांसमोर बोला आणि कसंही करून पाळा.

आता सुपरवायझर. इथं मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण ऑपरेटरसाठी कंपनी म्हणजे तुम्ही नाही. त्याची कंपनी म्हणजे त्याच्या पाळीचा सुपरवायझर.

पलूसकडच्या एका मशीन शॉपमध्ये बेअरिंग हाउसिंगचा (बेअरिंग ज्यात बसतं त्या घराचा) पूर्ण लॉट ग्राहकाकडून परत आला. प्रेसवर दाबून बसायला हवं ते बेअरिंग काही हाउसिंगमध्ये हातानं आत जात होतं. मोजलं तर अकरा नगांचा बोर (आतलं भोक) चाळीस मायक्रॉननं मोठा. चाळीस मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी, पण बेअरिंगला तेवढं पुष्कळ होतं. तारखेवरून पाळी निघाली, पाळीवरून मुलगा निघाला. बावीस वर्षांचा. इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) बदलल्यावर ऑफसेट टाकताना त्याचा एक आकडा चुकला होता. अकरा नगांनंतर बोर गेज लावल्यावर त्याच्या लक्षात आलं, त्यानं ऑफसेट दुरुस्त केला, आणि ते अकरा नग चांगल्या मालाच्या क्रेटमध्ये मधल्या थरात ठेवून दिले.

मालक म्हणाले, हा बदमाश आहे, काढून टाकू. मी म्हटलं, आधी मला त्याच्याशी बोलू द्या.

तो खुर्चीच्या कडेला बसला होता. कूलंटनं पांढरी पडलेली बोटं एकमेकांत अडकवलेली. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, पंधरा दिवसांमागं एकानं असंच जाऊन सांगितलं होतं. आपण होऊन. त्याला कंप्रेसरजवळ सगळ्यांच्या समोर उभा केला. आईबापावरनं बोलले. आणि चार हजार कापले. तो रडला सर. मी बघितलं."

त्या पंधरा दिवसांपूर्वीच्या संध्याकाळी त्या शॉपमधल्या प्रत्येक पोरानं एक धडा घेतला होता: चूक झाली तर लपवायची. भिंतीवर गुणवत्तेचं धोरण फ्रेम करून लावलेलं होतं, पण तो धडा त्या फ्रेमपेक्षा खूप खोल गेला. आणि ते पैसे कापणंही बेकायदा होतं. १९३६ च्या वेतन कायद्यात नुकसानीची कपात करायची असेल तर कामगाराला आधी बाजू मांडायची संधी द्यावी लागायची. ती कुणी दिली नव्हती.

आम्ही तीन गोष्टी केल्या. प्रत्येक मशीनजवळ एक लाल क्रेट ठेवला. पाळी संपायच्या आत बिघडलेला नग त्यात टाकून जो सांगेल त्याला मेमो नाही, कपात नाही, हे मालकांनी स्वतः दोन्ही पाळ्यांना उभं राहून सांगितलं. आणि सुपरवायझरला पहिला प्रश्न बदलायला लावला. आधी तो विचारायचा, "कुणी केलं?" आता विचारायचं, "कितव्या नगापासून?" दोनच शब्द, पण पहिल्या प्रश्नावर माणूस स्वतःला वाचवतो आणि दुसऱ्यावर माल वाचवतो.

पहिल्या महिन्यात लाल क्रेट भरभरून वाहू लागले. मालकांचा रात्री फोन, "अहो, रिजेक्शन दुप्पट झालं की!" मी म्हटलं, साहेब, वाढलं नाही, दिसायला लागलंय. आधी हे तुमच्या ग्राहकाकडं जात होतं. त्या वेळी त्यांना एमी एडमंडसन या संशोधक बाईंचं काम सांगितलं. त्यांनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम बघितल्या, औषध देण्यातल्या चुका मोजल्या. अपेक्षा होती की चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील. निघाल्या जास्त. खोलात गेल्यावर कळलं की चांगल्या टीममधली माणसं चुका बिनधास्त सांगत होती, त्यामुळं त्या नोंदल्या जात होत्या. बोललं तर अपमान होणार नाही या खात्रीला त्यांनी पुढं १९९९ च्या निबंधात मानसिक सुरक्षितता म्हटलं. मालकांनी अजून दोन महिने धीर धरला. चौथ्या महिन्यापासून लाल क्रेटमधला माल कमी व्हायला लागला, कारण कुठल्या मशीनवर कुठल्या वेळी काय बिघडतं ते पहिल्यांदाच कळत होतं. तो बावीस वर्षांचा मुलगा अजून तिथंच आहे. आता सेटिंग करतो.

सुपरवायझरला मात्र खलनायक करू नका. त्याचं काय झालेलं असतं बघा. शॉपमधला सगळ्यात चांगला टर्नर, म्हणून शनिवारी टर्नर होता तो सोमवारी सुपरवायझर झाला. माणसं कशी हाताळायची हे त्याला कुणी दाखवलं नाही. रोज सकाळी साडेनऊच्या मीटिंगमध्ये मालक डिस्पॅचवरून त्याच्यावर चढतात, दहाला तो शॉपवर येऊन तेच खाली उतरवतो. त्याच्याशी तुम्ही जसं बोलाल तसं तो पोरांशी बोलेल. मला आजवर याला अपवाद सापडलेला नाही. त्यामुळं सुरुवात साडेनऊच्या मीटिंगपासून करा.

आता काम स्वतः कसं आहे त्याबद्दल. हॅकमन आणि ओल्डहॅम या संशोधकांनी १९७० च्या दशकात सांगितलं की कामात मन लागायला पाच गोष्टी लागतात: वेगवेगळी कौशल्यं वापरायला मिळणं, एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपलं असणं, त्याचा कुणाला तरी उपयोग असणं, काही निर्णय स्वतः घेता येणं, आणि काम कसं झालं ते कळणं. लहान युनिटमध्ये यातलं सगळं जमणार नाही. पण तिसरं आणि पाचवं जवळजवळ फुकट आहे.

एका ऑपरेटरनं तीन वर्षं एकच पितळी बुश काढला होता. तो कुठं बसतो हे त्याला माहीत नव्हतं. आम्ही एका शनिवारी सहा जणांना ग्राहकाच्या पंप असेम्ब्लीत घेऊन गेलो. तिथल्या फिटरनं पंप उघडून त्याचा बुश दाखवला आणि म्हणाला, याचा आतला फिनिश खरखरीत असला की शाफ्ट झिजतो आणि शेतकऱ्याची मोटर भर उन्हाळ्यात बंद पडते. या गड्याच्या घरी तासगाव तालुक्यात दीड एकर द्राक्षबाग. उन्हाळ्यात मोटर बंद पडणं म्हणजे काय हे त्याला कुणी समजावायची गरज नव्हती. परतीच्या गाडीत तो गप्प होता. सोमवारी येऊन त्यानं विचारलं, फिनिश मोजायचं ते यंत्र मला वापरायला मिळंल का?

द्राक्षाचा विषय निघालाच आहे तर हजेरीचं सांगतो. तुमची निम्मी माणसं शेतकरी घरातली असणार. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळ छाटणी, फेब्रुवारी-मार्चला माल काढणं आणि बेदाण्याची शेडं, शिवाय चैत्रातली गावची जत्रा. या तारखा दरवर्षी ठरलेल्या आहेत. आपण मात्र दरवर्षी त्या गैरहजेरीला बेशिस्त म्हणतो, मग पोरगा खोटं सांगतो, आजी वारली म्हणतो, आणि दोघांमधला विश्वास थोडा आणखी जातो. जानेवारीतच प्रत्येकाकडून त्याच्या गावच्या जत्रेची तारीख आणि बागेच्या छाटणीचा पंधरवडा लिहून घ्या. त्यावरून रजा वाटून द्या, आपसात पाळी बदलायची मुभा द्या. मी हे चार युनिट्समध्ये केलं. न सांगता गैरहजर राहणं चारही ठिकाणी कमी झालं.

अडचणीच्या दिवसांत तुम्ही कसे वागता ते माणसं फार काळ लक्षात ठेवतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी चढलं तेव्हा माझ्या माहितीतल्या एका मालकांनी टाइम ऑफिसला सांगितलं की पूरपट्ट्यातल्या सगळ्यांची हजेरी भरा, आणि रोज प्रत्येकाच्या घरी फोन करा. दुसऱ्या एका ठिकाणी ते सगळे दिवस बिनपगारी धरले. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. पहिल्या ठिकाणची माणसं पाणी उतरल्यावर दुसऱ्या दिवशी, घरातला गाळ तसाच ठेवून, कामाला हजर होती. मालकांनी त्यांना परत पाठवलं, आधी घर आवरा म्हणाले.

आपल्या भागाला हे नवं नाही. पलूस तालुक्यातल्या किर्लोस्करवाडीचा निवडुंगाचा माळ लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींकडून मिळाला, आणि १९१० मध्ये त्यांनी तिथं नांगराचा कारखाना उभा केला. त्या माळावर पाणी, घरं, शाळा यांची सोय करावी लागली, कारण त्याशिवाय माणूस तिथं राहिलाच नसता. अस्पृश्यता वसाहतीत चालणार नाही हा नियम त्या काळी त्यांनी केला. गुन्हेगारीचा शिक्का बसलेल्या माणसांच्या हाती रात्रीची राखण सोपवल्याची हकिकत किर्लोस्कर घराण्याच्या आठवणींत येते. ज्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नव्हतं त्याच्याकडं किल्ल्या दिल्या, आणि त्यानं राखण केली. कुपवाडपासून हे ठिकाण तासाभराच्या अंतरावर आहे.

एक इशारा मात्र देतो, नाहीतर तुम्ही माझ्या सांगण्यावरून चुकीची अपेक्षा धराल. समाधानी माणूस म्हणजे आपोआप जास्त काम, असं सरळ गणित नाही. २००१ मध्ये टिमोथी जज या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी तीनशेहून जास्त नमुने, ५४ हजारांवर माणसं, एकत्र करून समाधान आणि कामगिरी यांचा संबंध तपासला. तो साधारण ०.३० निघाला (शून्य म्हणजे संबंधच नाही, एक म्हणजे पूर्ण संबंध). म्हणजे संबंध आहे, पण माफक. काम अवघड आणि गुंतागुंतीचं असेल तिथं तो जास्त घट्ट दिसतो. आणि बाण उलटाही जातो: काम चांगलं जमलं, त्याची दखल घेतली गेली, म्हणून माणूस समाधानी होतो. त्यामुळं सहल, वाढदिवसाचा केक, क्रिकेटची मॅच हे जरूर करा, पण त्यातून रिजेक्शन कमी होईल असं समजू नका. धारदार टूल, बरोबर दाखवणारं गेज, वाचता येईल असं ड्रॉइंग आणि पाळी बदलताना नीट दिलेला दहा मिनिटांचा चार्ज, यांतून काम जमतं. बोथट टूलवर कुणाचंच मन रमत नाही.

कंत्राटी आणि कायम माणसांचं एक बोलायचं राहिलं. गणवेशाचे रंग वेगळे असले तरी चालेल, पण चहाचा कप, बसायचं बाक आणि हेल्मेट एकच ठेवा. एवढ्यावर थांबतो, तो मोठा विषय आहे.

तुम्ही सुरुवात अशी करा. आठवडाभर रोज सेकंड पाळीत अर्धा तास शॉपवर जाऊन बसा. मोबाईल आणि वही ऑफिसातच ठेवा. पहिले तीन दिवस कुणी काही बोलणार नाही, सगळे मशीनकडं बघत राहतील. चौथ्या-पाचव्या दिवशी कुणीतरी एखादी लहान गोष्ट सांगेल, बहुतेक पंख्याची किंवा हात धुवायच्या साबणाची. सांगणाऱ्याला "बघतो" म्हणू नका. तो पंखा दुसऱ्या दिवशीची पाळी सुरू व्हायच्या आत फिरता करा. पोरं त्यावरून ठरवतील की पुढची, मोठी गोष्ट सांगायची की नाही. त्यानंतर लाल क्रेट ठेवा. पहिल्या महिन्यात आकडा वाढलेला दिसेल आणि तुमच्या सुपरवायझरला ओरडावंसं वाटेल. त्या वेळी मला कळवा, त्याच्याबरोबर दोन पाळ्या बसायला मी येईन.